‘ठरलं होतं’ म्हणजे नेमकं काय ठरलं होतं?

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या गटाच्या बैठकीला एक बाई पहिल्यांदाच आली होती. तासभर कोपऱ्यात गप्प बसून राहिली. सगळ्याजणी चहाला उठल्या तशी जवळ आली, आपला मोबाइल माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “ताई, हे वाचा आणि सांगा, यात मी कुठं हो म्हटलंय?”

मी वाचलं. वाचायला फारसं काही नव्हतंच. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं हिंदी. त्याचा निरोप: शनिवार, रात्री नऊ, दोन तास. तिचं उत्तर: ओके. मग एक रक्कम. पुन्हा ओके. मग एका इमारतीचं नाव. शेवटी त्याचं ‘आलीस का?’ आणि तिचं ‘खाली आहे’. बस्स, एवढंच.

ती वर गेली तेव्हा तिथे एक नव्हे, तीन पुरुष बसलेले. दारातूनच ती म्हणाली, मी एकासाठी आले आहे, हे जमणार नाही. त्यावर उत्तर आलं, “ठरलं होतं ना? दोन तासांचे पैसे ठरलेत. माणसं किती, हे कुठं ठरलं होतं?” दार अडवलं गेलं. तिने आरडाओरडा केला, शेजारचं दार उघडलं, म्हणून ती सुटली. पैसे मिळाले नाहीतच, वर जाण्यायेण्याचं रिक्षाभाडं अंगावर पडलं. दुसऱ्या दिवशी धीर करून ती चौकीत गेली. तिथल्या माणसाने तेच निरोप वाचले, फोन परत दिला आणि म्हणाला, “गैरसमज झालाय तुमचा दोघांचा. मिटवून टाका.”

मैत्रिणींनो, ही बाई धंदा करते. फोनवरच्या निरोपांवरून ठरवून, दिलेल्या पत्त्यावर जाते. तिचं नाव-गाव सांगायचं कारण नाही. पण त्या चौकीत वापरला गेलेला ‘गैरसमज’ हा शब्द मात्र तेव्हापासून माझा पिच्छा सोडत नाही. कारण तो आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. नवऱ्याने हात उचलला की सासरची माणसं म्हणतात, गैरसमज झाला. ऑफिसात साहेबाने नको तिथे हात लावला की चौकशी करणारे म्हणतात, गैरसमज झाला असेल. जबरदस्ती जेव्हा जबरदस्ती म्हणायची नसते तेव्हा तिला आपल्याकडे गैरसमज म्हणतात.

दाराआडून पडद्याआड

आधी हे नीट समजून घेऊ, की हे निरोपांचं प्रकरण आलं कुठून.

पुण्यात ‘तो धंदा’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बुधवार पेठ येते. दगडूशेठ गणपतीच्या आणि लक्ष्मी रोडच्या हाकेच्या अंतरावरची ती गल्ली, ते जिने, त्या दारात उभ्या असलेल्या बाया. कर्नाटकातून, आंध्र-तेलंगणातून, बंगालमधून, नेपाळमधून आणि आपल्या महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून आलेल्या. पेठेतल्या धंद्यात पिळवणूक भरपूर. घरवालीचा वाटा, सावकाराचं व्याज, पोलिसांचा हप्ता, गुंडांचा त्रास. ते झाकून ठेवायचं कारण नाही. पण एक गोष्ट त्या दारात होती. बाई गिऱ्हाइकाला डोळ्यांनी बघत असे. प्यायलेला आहे का, एकटा आहे का, नजर कशी आहे, हे पाहूनच ती आत घेई किंवा हाकलून देई. भाव तोंडावर ठरे. आत काही झालं आणि तिने हाक मारली, तर चार जणी जिन्यावर जमत. कुणाचा शब्द खरा, याला साक्षीदार असत.

1995 मध्ये देशात मोबाइल आला. सुरुवातीला तो साहेबलोकांचा होता. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तो भाजीवालीच्या, धुणंभांडी करणाऱ्या बाईच्या आणि धंदा करणाऱ्या बाईच्याही हातात आला. शहर हिंजवडी-वाकडपासून खराडीपर्यंत पसरलं. धंदा पेठेतून फ्लॅटमध्ये, लॉजवर, हॉटेलात गेला. 2020 च्या टाळेबंदीत पेठेतल्या गल्ल्या ओस पडल्या, आणि ज्यांनी तोवर फोनवर धंदा केला नव्हता अशाही काही बाया पोटासाठी फोनकडे वळल्या.

यात बायांचा फायदा झाला नाही असं मी म्हणणार नाही. घरवाली मधून गेली. कुणाचा फोन घ्यायचा, कुणाचा नाही, हे ठरवता येऊ लागलं. शेजारीपाजारी कळू न देता मुलांना शाळेत घालता आलं. कित्येकजणींनी मला सांगितलंय की, फोनमुळे पहिल्यांदा आपली कमाई आपल्या हातात आली. पण दारात उभं राहून माणूस जोखण्याची सोय गेली, आणि जिन्यावर जमणाऱ्या चार जणीही गेल्या. त्यांच्या जागी आल्या पडद्यावरच्या दोन ओळी. त्या दोन ओळींत जे लिहिलेलं नसतं, ते सगळं बंद दाराआड ठरतं. आणि बंद दाराआड कुणाचं म्हणणं खरं ठरतं, हे आपल्याला चांगलं माहीत आहे.

न बोललेलं कोण भरून काढतं?

या निरोपांतले घोटाळे किती प्रकारचे असतात, ते बायांच्या तोंडून ऐकावं.

पहिला घोटाळा शब्दांचाच. जाहिरातीत लिहिलेलं असतं ‘एस्कॉर्ट’. मूळ अर्थ, सोबत करणारी व्यक्ती. जाहिरात विकते ती वेळ आणि सोबत. त्यापलीकडचं काही लिहायचं नाही, असा त्या जाहिरातीचा नियम. आता ‘सोबत’ या शब्दात काय काय येतं? वाचणारा पुरुष त्यात आपल्या मनातलं सगळं भरतो. बाई आपल्या मर्यादा भरते. दोघंही ‘ओके’ लिहितात. ‘दोन तास’ म्हणजे दोन तास, की दोन तासांत काहीही? ‘पूर्ण रात्र’ म्हणजे झोप मिळणार की नाही? निरोध वापरणार हे गृहीत, की न वापरण्याचे पैसे दिले असं त्याने धरून चाललंय? रक्कम रिक्षाभाडं धरून की सोडून? यातलं काहीच लिहिलेलं नसतं.

दुसरा घोटाळा याहून मोठा. ज्या निरोपावर तिचा फोटो आणि तिचं नाव, तो निरोप पुष्कळदा तिने लिहिलेलाच नसतो. जिला लिहितावाचता येत नाही, तिच्यासाठी दुसरं कुणी लिहितं. दलालाचा माणूस एका फोनवरून पाच बायांच्या नावाने उत्तरं देत बसलेला असतो. गिऱ्हाईक टिकवायचं म्हणून तो सगळ्याला हो म्हणतो. बाईला फक्त पत्ता आणि वेळ कळते. दारात गेल्यावर गिऱ्हाईक फोन पुढे करतो, “हे बघ, तूच लिहिलंयस.” ती काय बघणार? तिच्या नावाने कुणीतरी तिचं शरीर आधीच कबूल करून टाकलेलं असतं. आपल्याकडे मुलीच्या वतीने बापाने, मामाने शब्द द्यायची जुनी पद्धत आहे. फोन नवा असला तरी रीत तीच.

तिसरा घोटाळा भाषेचा. कन्नड किंवा बंगाली बोलणारी बाई, मराठी गिऱ्हाईक, मधे इंग्रजी अक्षरांतलं मोडकंतोडकं हिंदी आणि चित्रं. अंगठा दाखवणारं चित्र म्हणजे ‘वाचलं’ की ‘कबूल’? एकजण म्हणाली, “मी त्याला हात जोडल्याचं चित्र पाठवलं, म्हणजे माफ करा, नाही जमणार. तो म्हणाला, तू नमस्कार करून हो म्हणालीस.” आम्ही हसलो. ती हसली नाही. तो घरापर्यंत आला होता.

आणि चौथा प्रकार, ज्यात घोटाळा नसतोच. माणसाने सगळं नीट वाचलेलं असतं, सगळं कळलेलं असतं, आणि तरी तो दारात ‘मला वाटलं’ म्हणतो. कारण त्याला माहीत असतं, की ही बाई कुणाकडे जाणार नाही.

धूसर लिहायला भाग कोण पाडतं?

कुणी म्हणेल, मग बायांनी स्पष्ट लिहावं. इतक्या वेळासाठी, इतके पैसे, एकच माणूस, निरोधाशिवाय नाही. सोपं आहे.

सोपं नाही, आणि या लेखात मला सांगायची मुख्य गोष्ट हीच आहे.

1956 चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा आपल्यातल्या अनेकजणींनी वाचलेला आहे. त्यात 1978 आणि 1986 मध्ये दुरुस्त्या झाल्या. या कायद्याने प्रौढ बाईने स्वेच्छेने पैसे घेऊन शरीरसंबंध ठेवणं हा गुन्हा नाही. पण त्याच्या भोवतीचं जवळपास सगळं गुन्हा आहे. सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाईक बोलावणं गुन्हा. दोन बायांनी सोबतीसाठी एक खोली घेऊन दोघींच्या फायद्यासाठी धंदा केला, तर ती खोली कायद्याच्या व्याख्येत कुंटणखाना ठरू शकते. बाईच्या कमाईवर जगणारी प्रौढ व्यक्ती गुन्हेगार. मग ती बाहेर थांबून लक्ष ठेवणारी मैत्रीण असली, तरी तिच्यावर बालंट यायला वेळ लागत नाही.

आता विचार करा. फोनवर येणारं गिऱ्हाईक खरं की पोलिसांनी पाठवलेलं, हे बाईला कळायला मार्ग नाही. छाप्यासाठी बनावट ग्राहक पाठवायचा, त्याच्याकडून निरोप पाठवायचे, पैसे ठरवायचे आणि मग आत शिरायचं, ही आपल्या वर्तमानपत्रांत दर आठवड्याला छापून येणारी पद्धत आहे. 2020 च्या सप्टेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ज्या तीन तरुण बायांना सुधारगृहातून सोडायचा आदेश दिला, त्यांच्या प्रकरणातही असाच बनावट ग्राहक होता. न्या. पृथ्वीराज चव्हाण यांनी त्या निकालात स्पष्ट केलं, की या कायद्याखाली वेश्याव्यवसाय हा स्वतः गुन्हा नाही आणि प्रौढ बाईला तिच्या इच्छेविरुद्ध डांबून ठेवता येत नाही. निकाल चांगलाच लागला, पण तोवर त्या मुली वर्षभर अडकून पडल्या होत्या.

म्हणून बाई स्पष्ट लिहीत नाही. स्पष्ट लिहिलं तर तो तिच्याविरुद्धचा पुरावा. धूसर लिहिलं तर दारात तंटा. कायद्याने तिच्यापुढे हे दोनच रस्ते ठेवले आहेत. आणि त्या धूसरपणाची किंमत प्रत्येक वेळी तीच मोजते. त्यामुळे ‘बायांना नीट लिहिता येत नाही’ हे मला मान्य नाही. त्यांना लिहू दिलं जात नाही.

पैशाचंही तसंच. ठरलेले पैसे बुडवले तर ती कुठे जाणार? 1872 च्या भारतीय करार कायद्याचं 23 वं कलम म्हणतं, ज्या कराराचा हेतू अनैतिक, तो करार रद्दबातल. म्हणजे न्यायालयाच्या लेखी तिचा करार झालेलाच नाही. गंमत बघा. पैसे मागायला गेली तर करार नव्हता. दारात नाही म्हणाली तर मात्र करार होता, आणि तो तिने मोडला!

‘हो’ किती वेळ टिकतं?

समजा, अगदी स्पष्ट लिहिलं. तीन माणसं, दोन तास, सगळं कबूल. आणि दारात गेल्यावर तिला भीती वाटली, किळस आली, पोटात दुखू लागलं, किंवा नुसतंच नको वाटलं. तर?

तर तिला परत जाता आलं पाहिजे. यात मला तिळमात्र शंका नाही. आणि हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही, कायदाच तसा आहे.

आपली चळवळ ज्या प्रकरणातून उभी राहिली, ते आठवा. 1972 मध्ये तेव्हाच्या चांदा, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरेवर बलात्कार झाला. सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडलं. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने आरडाओरड केली नव्हती, म्हणजे तिची संमती असावी, असा अर्थ लावला गेला. 1979 मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातला मुद्दा आपण सगळ्याजणी तेव्हापासून घोकत आलो: निमूटपणे सोसणं म्हणजे संमती नव्हे. त्या आंदोलनातून 1983 ची दुरुस्ती आली. पुढे 2013 च्या दुरुस्तीने संमतीची व्याख्याच कायद्यात घातली. तीच व्याख्या आता 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या 63 व्या कलमात आहे. तिचा अर्थ साध्या शब्दांत असा: बाईने स्वतःहून, निःसंदिग्धपणे, त्या विशिष्ट कृतीला तयारी दाखवली तरच ती संमती. नुसता प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरता येत नाही.

‘त्या विशिष्ट कृतीला’. हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. शनिवारी नऊ वाजता यायला दिलेला होकार हा शनिवारी नऊ वाजता येण्याला दिलेला होकार आहे. एका माणसाला दिलेला होकार तिघांना लागू होत नाही. निरोधासह दिलेला होकार निरोधाशिवायच्या संबंधाला लागू नाही. आणि दुपारी दोन वाजता फोनवर लिहिलेलं ‘ओके’ रात्री नऊ वाजता तिच्या तोंडून आलेल्या ‘नाही’पेक्षा मोठं असू शकत नाही. लग्नपत्रिका छापली म्हणून मुलीला बोहल्यावर उभं राहावंच लागेल, असं आपण म्हणत नाही. मग इथे का म्हणायचं?

यावर नेहमीचा प्रश्न येतो. “पण ती तर तसलीच बाई.” याचं उत्तरही न्यायालयांनी देऊन ठेवलं आहे. महाराष्ट्र राज्य विरुद्ध मधुकर नारायण मर्डीकर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्ये सांगितलं, की बाईच्या चारित्र्याबद्दल लोक काहीही म्हणोत, तिच्या खासगीपणावर, शरीरावर कुणीही आक्रमण करू शकत नाही, आणि केवळ त्या कारणाने तिची साक्ष फेकून देता येत नाही. 2002 च्या दुरुस्तीने पुरावा कायद्यातलं ते कुप्रसिद्ध पोटकलम गेलं, ज्याच्या आधारे बलात्काराच्या खटल्यात बाईला बदचलन ठरवता येई. आणि 19 मे 2022 रोजी बुद्धदेव कर्मासकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी पोलिसांना निर्देश दिले: सेक्स वर्करला सन्मानाने वागवा, तिच्यावर लैंगिक अत्याचार झाला तर इतर कुठल्याही बाईइतकीच तातडीने वैद्यकीय मदत द्या, तिची तक्रार गांभीर्याने घ्या. निरोध सापडले म्हणून तो गुन्ह्याचा पुरावा धरू नका. हे प्रकरण सुरू कशातून झालं? 1999 मध्ये कोलकात्यात एका वेश्येच्या झालेल्या खुनातून. म्हणजे एक बाई मेली, तेव्हा कुठे बाकीच्यांकडे न्यायालयाचं लक्ष गेलं.

आमच्या बैठकीला आलेल्या बाईला चौकीत ‘मिटवून टाका’ म्हणणाऱ्या माणसापर्यंत यातलं काहीच पोचलेलं नव्हतं.

पुरुषांची तक्रार

न्यायाने बोलायचं तर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. पुरुष म्हणतात, आमचीही फसवणूक होते. फोटो एकीचा, येते दुसरी. आगाऊ पैसे घेतात आणि फोन बंद. हे खोटं नाही. अशा जाहिरातींच्या आडून पैसे उकळणाऱ्या टोळ्या आहेत, आणि त्यांच्या फोनमागे बहुतेकदा बाई नसतेच. अब्रूला भिऊन कुणी तक्रार करत नाही, यावर त्यांचा धंदा चालतो.

पण फसवणूक झाली तर ती पैशाची झाली. पैशाचं भांडण पैशात मिटतं. आगाऊ रक्कम परत मागा, तक्रार करा. बुडालेल्या पैशाची वसुली कुणाच्या शरीरातून करायची नसते. ठरलेल्या वेळी शिंपिणीने ब्लाउज दिला नाही, तर आपण तिचे पैसे अडवतो. तिला खोलीत कोंडत नाही.

न्यूझीलंडने 2003 मध्ये वेश्याव्यवसाय गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढला, तेव्हा हाच मुद्दा कायद्यात लिहून ठेवला. करारात काहीही ठरलेलं असो, शरीरसंबंधाला कुठल्याही क्षणी नकार देण्याचा किंवा तो मधेच थांबवण्याचा अधिकार त्या व्यक्तीला आहे. नकारानंतर पैशाचा हिशेब करा, पण जबरदस्ती नाही. इतकं साधं कलम. ते आपल्याकडे का नसावं?

उलटी वाटही जगाने पाहिली आहे. अमेरिकेने 2018 मध्ये कायदा करून अशा जाहिरातींच्या जागांवर टाच आणली. हेतू मुलींचा व्यापार थांबवण्याचा होता. पण तिथल्या सेक्स वर्करांच्या संघटना सांगतात, की गिऱ्हाइकाची आधी चौकशी करण्याची आणि वाईट माणसाची खबर एकमेकींना देण्याची सोय त्यामुळे गेली, आणि बाया पुन्हा रस्त्यावर आणि दलालांच्या हातात गेल्या. बंद करून टाका म्हटल्याने बाईचं पोट बंद होत नाही.

आपल्यातला मतभेद

मला माहीत आहे, या अंकाच्या वाचकांमध्ये दोन मतं आहेत. एक मत म्हणतं, वेश्याव्यवसाय ही मुळातच बाईवरची हिंसा आहे, त्यात ‘संमती’चं बोलणं म्हणजे पुरुषप्रधान व्यवस्थेला हातभार लावणं. दुसरं मत म्हणतं, हे काम आहे, आणि काम करणाऱ्या बाईला कामगाराचे हक्क द्या. सांगलीच्या संग्राम संस्थेसोबत उभी राहिलेली वेश्या अन्याय मुक्ती परिषद 1996 पासून हे दुसरं म्हणणं ठणकावून सांगते आहे. पुण्यात सहेली संघाच्या बायाही आपल्या प्रश्नांवर आपणच बोलत आल्या आहेत. त्यांच्या आधी आपण त्यांच्याबद्दल बोलत होतो, त्यांच्याशी नाही, हे कबूल करायला हवं.

मी स्वतः बरीच वर्षं पहिल्या मताची होते. आजही जातीचा, गरिबीचा, टाकून दिलेल्या बायकांचा या धंद्याशी असलेला संबंध मला विसरता येत नाही. फसवून, विकून आणलेल्या मुलींचा प्रश्न तर वेगळाच आणि तातडीचा आहे. अल्पवयीन मुलीच्या बाबतीत संमतीचा प्रश्नच येत नाही. पण त्या दिवशी तो मोबाइल हातात धरून मी स्वतःला विचारलं, माझं कुठलं मत या बाईच्या आत्ता उपयोगाचं आहे? हा धंदाच हिंसा आहे असं म्हणून मी तिला परत पाठवलं असतं, तर मी त्या चौकीतल्या माणसाहून वेगळं काय केलं असतं? त्याने म्हटलं गैरसमज, मी म्हटलं असतं व्यवस्था. दोन्हींत त्या तीन माणसांचं नाव कुठेच आलं नसतं.

तुमचं मत कुठलंही असो, एका गोष्टीवर आपण एकत्र येऊ शकतो. दारात उभ्या बाईचं ‘नाही’ हे नाहीच असतं.

आणि हा प्रश्न फक्त ‘त्यांचा’ आहे असंही समजू नका. सोडून गेलेल्या बायकोचा, नकार देणाऱ्या मुलीचा, भांडलेल्या शेजारणीचा फोन नंबर अशा जाहिरातींत टाकून द्यायचा, हा सूड घेण्याचा प्रकार सर्रास चालतो. मग त्या बाईला रात्री-अपरात्री फोन येतात, ‘रेट काय?’ म्हणून विचारणा होते. तिने फोन कापला तर शिव्या. तिची पहिली प्रतिक्रिया काय असते? “मी तसली नाही हो!” आपणही तिला तेच म्हणायला शिकवलंय. जणू ‘तसली’ असती तर ते फोन चालले असते. ‘तसल्या’ बाईला नकाराचा हक्क नाही हे एकदा मान्य केलं, की मग कुठल्याही बाईला ‘तसली’ ठरवणं एवढंच काम उरतं. आणि ते करायला एक जाहिरात आणि एक फोन नंबर पुरतो.

आपण काय करू शकतो

बाया स्वतः पुष्कळ काही करतात. नवीन गिऱ्हाईक असेल तर आधी आवाज ऐकतात, नुसत्या निरोपावर जात नाहीत. पत्ता मैत्रिणीला कळवून ठेवतात, पोचल्यावर आणि निघाल्यावर तिला एक निरोप. त्रास देणाऱ्याचा नंबर एकमेकींना देतात. निरोप पुसून न टाकता जपून ठेवतात. आपण त्यांना शहाणपण शिकवायला जायची गरज नाही. आपण करायच्या गोष्टी वेगळ्या आहेत.

एक, तक्रार द्यायला जाणाऱ्या बाईसोबत चौकीत जायचं. एकटी गेली तर गैरसमज, पाचजणी गेल्या तर गुन्हा नोंदवला जातो, हा आपला चाळीस वर्षांचा अनुभव आहे. संमतीच्या व्याख्येचा आणि 2022 च्या निर्देशांचा मराठी उतारा प्रत्येक गटाच्या पिशवीत हवा.

दोन, ते निर्देश मराठीत छापून प्रत्येक पोलीस ठाण्यात लावायची मागणी करायची.

तीन, निरोध सापडणं हा जसा बाईविरुद्ध पुरावा धरायचा नाही असं ठरलं, तसेच तिच्या फोनमधले निरोप तिच्याचविरुद्ध वापरू नयेत, आणि सोबतीने राहणाऱ्या दोन बायांना कुंटणखान्याच्या व्याख्येतून वगळावं, ही कायदा दुरुस्तीची मागणी चळवळीने उचलावी. तेव्हाच बाईला स्पष्ट लिहिता येईल.

चार, आपल्या बैठकांमध्ये या बायांना ‘प्रश्न’ म्हणून नव्हे, सभासद म्हणून जागा द्यायची. त्या दिवशी ती बाई कोपऱ्यात का बसली होती, याचा विचार आपल्यापैकी प्रत्येकीने करावा.

त्या बाईसोबत आम्ही तिघीजणी पुन्हा चौकीत गेलो. या वेळी खुर्च्या मिळाल्या. तासाभराच्या वादानंतर तक्रार लिहून घेतली गेली. लिहिणाऱ्याने सुरुवात केली, “पैशाच्या व्यवहारातील गैरसमजातून...” ती लगेच म्हणाली, “साहेब, गैरसमज नाही. मी नाही म्हणाले. तसं लिहा.”

त्याने आमच्याकडे पाहिलं. आम्ही काही बोललो नाही. मग त्याने ती ओळ खोडली आणि तिने सांगितलं तसं लिहिलं.